खिंडीतला रांजण

स्पेनच्या दक्षिणेला, समुद्रापासून दिवसभराच्या चढावर, तोरेसेका नावाचं पांढऱ्या घरांचं गाव आहे. त्या डोंगरात धड गाडीवाटही नव्हती, माल खेचरांच्या पाठीवरून जायचा, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी आपल्या कोल्हापूरकडचा भैरू तिथे राहायला गेला. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गुळव्याचं काम. गुऱ्हाळात काहिलीपाशी उभं राहून उसाच्या रसाचा गूळ करायचा.

पोटासाठी तो बोटीवर कोळसा ओढायला लागला होता. वाटेत तापाने फणफणला, तर बोटवाल्यांनी त्याला मालागाच्या धक्क्यावर टाकलं आणि बोट निघून गेली. भैरू मेला नाही. ताप उतरल्यावर किनाऱ्याकिनाऱ्याने चालत सुटला, आणि मोत्रीलजवळ एका वळणावर थबकला. समोर ऊस! पुरुषभर उंच, वाऱ्यावर सळसळणारा. असं म्हणतात, की भैरू तिथेच बांधावर बसला, एक कांडं सोलून खाल्लं आणि म्हणाला, "आता कशाला हलतोय हितनं!"

मग त्याने काहील मिळवली, गूळ केला, गाढवावर लादला आणि गावोगाव विकत हिंडला. रोंदाच्या कड्यापासून आल्मेरियाच्या माळापर्यंत असं गाव नव्हतं, जिथल्या पोरांनी त्याच्या गुळाचा खडा चघळला नाही.

असाच तो एकदा तोरेसेकाच्या चौकात आला. तिकडे पाणी प्यायला मातीची झारी असते. तिला ओठ लावायचा नाही, उंच धरून धार तोंडात घ्यायची. परका माणूस आला की गावकरी मुद्दाम ती झारी त्याच्या हातात द्यायचे आणि त्याचा सदरा भिजताना बघून पोट धरून हसायचे. भैरूने तर लहानपणी तांब्याला ओठ लावला म्हणून आईचे धपाटे खाल्लेले. त्याने झारी उचलली, मान मागे टाकली आणि गटागटा सगळी रिकामी केली. एक थेंब सांडला नाही.

खाणावळवाली रेमेदियोस ओरडली, "अरे, हा कसला परका! परका असता तर बेंबीपर्यंत भिजला असता!" तिने त्याला तबेल्यामागची खोली दिली. भैरू तिला मावशी म्हणायला लागला, आणि हळूहळू सगळं गावच तिला मावशी म्हणायला लागलं.

मग दुष्काळ आला. गावावरच्या खिंडीत एकच झरा होता. त्याला जमीनदार डॉन आन्सेल्मोने लोखंडी दार बसवून कुलूप घातलं. डोंगरभर पसरलेली ऑलिव्हची झाडं त्याची, खालचा रस्ता त्याचा, आता पाणीही त्याचं. खडकातून झिरपणारं पाणी एका माणसाच्या मालकीचं कसं होतं, हे पाद्र्याने विचारलं नाही, फौजदाराने विचारलं नाही. शहरातल्या वर्तमानपत्रांना तर त्याच्या तेलाच्या जाहिरातींतून सवडच नव्हती. एक खेचरवाला त्या बंद झऱ्यापाशी तहानेने तडफडून मेला. भैरूने त्याला खांद्यावर घालून खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी खिंडीतल्या बदामाच्या झाडाखाली रांजण उभा राहिला. शेजारी गुळाची ढेप. मालकाचा राखणदार घोड्यावरून आला.

"काय मांडलंयस हे?"

"पाणपोई. आमच्याकडं उन्हाळ्यात मांडतात."

"मालकाचा निरोप ऐक. रांजण हलव, नाहीतर तुझं बोचकं गावाबाहेर. परका आहेस, परक्यासारखा राहा."

मावशी कासावीस झाली. "पोरा, आम्ही जन्मलो इथे, आम्हाला हाकलता येत नाही. तुला येतं. कशाला त्याच्या तोंडी लागतोस?"

"मावशी, दारात आलेल्याला पाणी दिलं नाही, तर घर असून उपयोग काय?"

आणि तो गाढव घेऊन निघाला. ज्या ज्या गावात गूळ विकला होता, त्या त्या गावात एकेक घागर मागितली. कुणी नाही म्हटलं नाही. पुढे खेचरवालेच आपापल्या घरून पाणी आणून ओतायला लागले. असं म्हणतात, की त्या उन्हाळ्यात पक्षी आभाळातून भाजून पडले, पण रांजणाचा तळ कुणाला दिसला नाही.

अशात एका दुपारी डॉन आन्सेल्मोचा घोडा चढावर कोसळला. राखणदार किल्ली घेऊन दूर मळ्यात. मालक धापा टाकत बदामाखाली पोचला.

"पेला आण."

"पेला नाही, मालक. झारी आहे."

जन्मभर काचेच्या पेल्यातून प्यायलेला तो. झारी उचलली, तर धार नाकात, मिशीत, रेशमी सदऱ्यात. खेचरवाले फिदीफिदी हसले. भैरू हसला नाही. "बसा खाली. ओंजळ करा. आधी गूळ, मग पाणी."

मालक धुळीत गुडघे टेकून बसला आणि पोटभर प्यायला. दम आल्यावर त्याने विचारलं, "कुठल्या विहिरीचं पाणी हे?"

"रोंदाचं आहे, मोत्रीलचं आहे, आल्मेरियाचं आहे," भैरू म्हणाला. "तुमचं तेवढं नाही यात."

मालक उठला आणि खिंड उतरून गेला. मावशीने भैरूचं बोचकं बांधून ठेवलं, आणि त्याच्याबरोबर जायला आपलंही. पण सकाळी झऱ्यावर कुलूप नव्हतं. असं म्हणतात, की ते किल्लीसकट रांजणात सापडलं.

भैरू म्हातारा होऊन तिथेच वारला. रांजण अजून आहे. उन्हाळा तापला की अख्खं तोरेसेका खिंडीत चढतं आणि ओंजळ धरून धुळीत बसतं, महापौर सगळ्यांत पुढे. आधी गूळ, मग पाणी. पाणी घालायचा मान गावात सगळ्यांत शेवटी राहायला आलेल्याचा. कधी मोरोक्कोची नर्स, कधी पोलंडचा सुतार, एकदा तर इचलकरंजीची पोरगी. त्या दिवसापासून त्याला गावात कुणी परका म्हणायचं नाही. जो म्हणेल, त्याची ओंजळ पुढच्या उन्हाळ्यात कोरडीच राहते.