निळ्या तळ्यातला अडकित्ता

एका राज्यात तांब्याच्या खाणी होत्या, आणि त्या खाणींचा राजाला भारी अभिमान होता. राजाचं नाव रणधवल. राजवाड्याचे कळस तांब्याचे, दारं तांब्याची, आणि मुदपाकखान्यातली भांडी तर इतकी लखलखीत की स्वयंपाकिणी त्यांत बघून कुंकू लावायच्या.

राणी वेणुमती मात्र ती भांडी बघून कपाळाला हात लावायची.

"महाराज, भांड्यांची कल्हई पार उडाली आहे. कल्हईवाल्याला बोलावणं धाडा."

"बघू."

"आंबट काही ठेवलं की कळकतं त्यात."

"कल्हई केली की तांब्याचा रंग झाकला जातो, राणी. माझ्या राज्यात तांबं तोंड लपवून बसणार नाही."

राणी मग आपल्या बाळाचं, केयूरचं, ताक मातीच्या गाडग्यात वेगळं काढून ठेवायची. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या उशाखाली तिनं माहेरचा लोखंडी अडकित्ता ठेवला होता. त्यावरूनही राजाची कुरकुर होतीच. राजपुत्राच्या उशाला लोखंड शोभत नाही, सोन्याचा घडवून देतो, असं तो म्हणायचा. राणी नको म्हणायची. तो पुन्हा म्हणायचा.

केयूरचा पहिला वाढदिवस आला. जेवणाला दूरच्या डोंगरातला मांत्रिक ताम्रकेश आला. ऊन मी म्हणत होतं. सकाळपासून तांब्याच्या पातेल्यात भरून ठेवलेलं ताक राजानं स्वतःच्या हातानं वाढलं. ताकावर हिरवट झाक आली होती. राणीनं लांबून पाहिलं, हात वर केला, पण तोवर मांत्रिकानं पेला रिकामा केला होता.

भर पंगतीत मांत्रिकाला उलट्या झाल्या.

"ताक ताजंच होतं," राजा म्हणाला.

मांत्रिकानं तोंड पुसलं. "राजा, तुझं तांबं माझ्या पोटात विरघळलं. आता तुझं पोर तांब्याचं होऊन माझ्या तळ्यात विरघळेल. तळं तीन दानं घेईल. योग्य धातू मिळाला तर पोर परत देईल, नाही तर निळं ते निळंच राहील."

एवढं बोलून तो पोट धरून निघून गेला. राणीच्या कडेवरचा केयूर आधी जड झाला, मग तांब्यासारखा लाल झाला, आणि मग निळी धार होऊन तिच्या हातांतून ओघळून गेला. तिच्या पदरावर तेवढा निळा डाग उरला.

राणीनं अडकित्ता कमरेला खोचला, पाळण्याची दोरी आणि बाळाचं ताकाचं गाडगं बरोबर घेतलं आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. राजा मुहूर्त बघत होता. प्रधान वाजंत्री कोणती न्यायची ते ठरवत होते.

"महाराज, आपण वरातीला नाही निघालो," राणी म्हणाली.

शेवटी सिंहासन, हौद्याचा हत्ती, सैनिक, स्वयंपाकिणी असा सगळा लवाजमा घेऊन एकदाचे तळ्याकडे निघाले. वाट दाखवायला एक साळुंकी आली. ती माणसासारखं बोलत होती. ती राणीच्या पालखीच्या दांड्यावर बसली आणि वाटभर एकच घोकत राहिली, "कोण हट्टानं तसंच राहतं? कोण चटकन विरून जातं?"

"बाई, सरळ सांगायला तुझ्या चोचीला काय होतं?" राणी म्हणाली.

"आम्ही पाखरांनी सरळ सांगायचं नसतं, राणीसाहेब. तशी रीत नाही."

"माझं पोर पाण्यात आहे आणि तुला रीत सुचते."

"कोण हट्टानं तसंच राहतं?" साळुंकी म्हणाली.

डोंगराच्या कुशीत तळं होतं, मोरचुदासारखं निळंभोर. आतून केयूरचे बोबडे बोल ऐकू येत होते. राणी काठावर गुडघे टेकून बसते न बसते तोच राजानं हात उचलला.

"सोन्याहून मोठं दान कोणतं? सिंहासन सोडा."

"महाराज, जरा थांबा."

पण सिंहासन पाण्यात गेलंसुद्धा. तळाशी जाऊन बसलं आणि होतं तसंच झळकत राहिलं. पाण्याचा निळा रंग जराही हलला नाही.

"मला विचार तरी करू द्या," राणी म्हणाली.

"विचार झाला आहे. चांदीचा हौदा सोडा."

हौदाही सिंहासनाशेजारी जाऊन बसला. तळं निळं ते निळंच. केयूरचा आवाज मात्र बारीक झाला होता.

"आता माझा हिऱ्यांचा मुकुट," राजा म्हणाला.

"धातू म्हणाला होता तो, महाराज. धातू. आता तुम्ही हात खाली ठेवा आणि दोन घटका कुणीही काही टाकू नका."

राजानं हात खाली ठेवला. राणी पाण्याकडे बघत बसली. गळ्यातलं सोनं तिनं चाचपलं. घाम झाला, पाणी झालं, लिंबू झालं, सोन्यावर कशाचा ओरखडा उमटला नव्हता. पायातली चांदीची जोडवी काळी पडायची, पण राखेनं घासली की पुन्हा पांढरी. तांब्यात आंबट कळकायचं. आणि लोखंड? विळी रात्री ओली राहिली की सकाळी तांबूस. अडकित्त्याला तर रोज खोबरेल पुसावं लागायचं, एक दिवस चुकला की गंज धरलाच. लोखंडाला स्वतःला धरून राहणं कधी जमलंच नाही. तळ्याला केयूरच्या जागी आत जाणारं कुणीतरी हवं होतं. सोनं जाणार नव्हतं, चांदी जाणार नव्हती.

तिनं कमरेचा अडकित्ता काढला.

"राणी, शेवटचं दान आहे हे," राजा म्हणाला. "त्यात लोखंड? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं पोर तळ्यात नाही."

तिनं अडकित्त्याला पाळण्याची दोरी बांधली आणि तो हळूच पाण्यात सोडला. क्षणात काळ्या लोखंडावर लाल साय धरली.

"लोखंडाचं तांबं झालं," राजा म्हणाला. "तळं आपली थट्टा करतंय."

"नीट बघा. बोटं आहेत ती."

अडकित्त्याला इवलीशी तांब्याची बोटं बिलगली होती. मग तळवा आला, मग मनगट. भोवतीचं पाणी निवळत चाललं आणि अडकित्ता बारीक होत चालला. जेवढं लोखंड आत जात होतं तेवढा केयूर बाहेर येत होता. कोपरापर्यंत हात वर आला आणि अडकित्ता संपला. केयूरचा हात राणीनं घट्ट धरला.

"अजून लोखंड द्या. दान तेच चाललं आहे, संपवू नका," राणी म्हणाली.

सगळे राजाच्या तलवारीकडे बघू लागले. राजाचा हात मुठीवर गेला आणि तिथंच थांबला. "ही आजोबांची..."

"कल्हईवाल्याला बोलवा म्हणाले तेव्हाही तुम्ही असेच उभे होतात, महाराज."

राजानं तलवार उपसली, गुडघाभर पाण्यात उतरला आणि मुठीसकट ती पाण्यात धरून राहिला. पातं झिजलं, केयूरचे खांदे आले. सैनिकांनी भाल्यांची पाती दिली, घोड्यांचे नाल दिले, स्वयंपाकिणीनं तवा दिला. निळं तळं फिकं हिरवं झालं. शेवटचा निळा थेंब गेला तसा केयूर तांब्याचा हाडामासाचा झाला, शिंकला, आणि भुकेनं रडू लागला. राजाच्या हातात मुठीवरची सोन्याची नक्षी तेवढी राहिली होती, जशीच्या तशी.

"कळलं म्हणायचं शेवटी," साळुंकी म्हणाली. राणीनं तिच्याकडे असं पाहिलं की ती उडून गेली.

ताम्रकेश झाडामागून पुढे आला. "शाप फिटला. तहान लागली आहे."

"ताक आणा," राजा ओरडला.

"थांबा," राणी म्हणाली. तिनं बाळाच्या गाडग्यातलं ताक त्याला दिलं. मांत्रिकानं आत डोकावून पाहिलं, वास घेतला, आणि मग घोट घेतला.

"हे बरं आहे," तो म्हणाला.

सिंहासन पाण्यातून काढून पुसलं आणि जागच्या जागी ठेवलं. त्यावर बसून राजानं पहिला हुकूम कल्हईचा सोडला. अंगणात भट्ट्या पेटल्या, नवसागराचा धूर झाला, तापल्या भांड्यांतून कथील फिरलं. भांडी बाहेरून लाल राहिली आणि आतून चांदण्यासारखी झाली. राजा खोकत खोकत प्रत्येक भांड्यात डोकावून बघत होता.

केयूरच्या उशाला नवा अडकित्ता हवा होता. लोहार विचारायला आला, "मूठ कशाची करू?"

राजानं तोंड उघडलं. राणीनं मान वर केली.

"लोखंडाची," राजा म्हणाला. "आणि खोबरेल मी पुसेन."

त्यानं ते रोज पुसलं, फक्त एक दिवस चुकला. त्या दिवशी राणीनं पुसलं. त्या घरचं ताक पुन्हा कळकलं नाही; तुमच्या आमच्या घरचंही न कळको.