सहाशे तेरावा सूर

फार वर्षांपूर्वी, टेंभुर्लीच्या ओढ्यावर पूल नव्हता तेव्हा, गावात भिवाजी नावाचा तांबट राहत होता. घागरींचे पोचे काढणं हा त्याचा धंदा. एकदा त्याने एका ओसाड बंगल्यातून गंजलेली पेटी बैलगाडीत घालून आणली. तिच्यात लाटण्याएवढा पितळी रूळ होता, रुळावर बारीक काटे आणि समोर पोलादी फणी. किल्ली दिली की रूळ फिरायचा, काटा फणीचा दाता छेडायचा आणि सूर निघायचा. जितके काटे, तितके सूर.

भिवाजीने पितळ चिंचेने घासलं, पोलादाला खोबरेल लावलं, तुटक्या काट्यांच्या जागी तारेचे काटे बसवायला घेतले. दोन वर्षांनी पेटी अडखळत का होईना, आपली आपण वाजली. त्याच आठवड्यात गावची विहीर आटली, असं म्हणतात.

मग काय! गाव म्हणू लागला, "हात नाही, तोंड नाही, आणि वाजतंय? आत कुणाला तरी कोंडलंय यानं!" पंचांनी पेटी डोहात बुडवायचं ठरवलं.

भिवाजी हात जोडून म्हणाला, "बुडवा. पण आधी नीट बघा तरी."

तेव्हा असं ठरलं, की रोज एका घरातल्या माणसाने त्याच्यासमोर पाटावर बसायचं आणि तो काटे नीट करत असताना त्याच्या हातांवर नजर ठेवायची. काही वावगं दिसलं, की पेटी डोहात.

पहिल्या दिवशी चंद्राक्का आली. पदरात लिंबू बांधून आली.

"ओठ कशाला हालतात रं? मंतर म्हणतोस?"

"काटे मोजतोय, आक्का. तुम्ही बोललात, आता पुन्हा पहिल्यापासून."

"मग मीच मोजते. तुझ्या मोजणीवर कोण इस्वास ठेवणार?"

तिने मोजले. सहाशे बारा.

दुसऱ्या दिवशी दुसरं घर आलं. पण आदल्या दिवशीचा माणूस भोळा, त्याला काय दिसणार, असं प्रत्येकाला वाटायचं. त्यामुळे पाहणी काही संपेना. विहिरीला पाणी आलं, तरी संपेना. बारा वर्षं पाट हलला नाही, असं म्हणतात.

एके दिवशी छपराचं वाळवीने खाल्लेलं आढं कोसळलं. भिवाजीने पेटीवर हात पसरले. हात ठेचले, पेटीही मोडली. काटे घरभर उडाले. बाजेवर पडल्या पडल्या तो एवढंच म्हणाला, "एकदा न अडखळता ऐकायची होती."

गावकऱ्यांनी तुकडे देवळाच्या पारावर मांडले, पाटही तिथेच आणला आणि भांडण जुंपलं.

"तिथं तीन काटे होते!"

"दोन! माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तू तर डुलक्या काढत होतास!"

कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता, म्हणून एकही काटा चुकीच्या जागी बसला नाही. सातव्या दिवशी पेटी भिवाजीच्या बाजेपाशी नेली आणि चंद्राक्काने किल्ली दिली. पेटी कुठेही न अडखळता वाजली. रूळ थांबला. आणि मग आणखी एक सूर आला. तो ऐकून भिवाजीने हसत डोळे मिटले, असं म्हणतात.

चंद्राक्काने काटे पुन्हा मोजले. सहाशे बाराच.

आजही चैत्रात, भिवाजी गेला त्या दिवशी, पेटी पारावर उघडतात. एक जण पाटावर बसून मोठ्याने काटे मोजतो, मगच किल्ली देतात. मग सारा गाव सूर मोजतो. काटे सहाशे बारा, सूर सहाशे तेरा.

म्हणून पाहणी अजून संपलेली नाही, आणि तो पाट पारावरून कुणी उचललेला नाही.