मिटलेली पानं

एकदा एक वृद्ध उमराव आपल्याच पुस्तकाची पानं कापत तीन घरं हिंडले. गोष्ट दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या जर्मनीतली. हे उमराव कवी होते. दलदलीच्या कडेला त्यांची जुनी गढी होती, गुडघे कामातून गेले होते आणि स्तुती ऐकून ऐकून ते थकले होते. स्तुतीनंही माणूस थकतो, यावर ज्याची कधी स्तुतीच झाली नाही त्याचा विश्वास बसत नाही.

हार्टविगचाही बसत नव्हता. हा शेजारच्या गावातला शाळामास्तर. दोन वर्षं दर रविवारी तो कवींकडे शिकायला येई. कवी त्याच्या ओळी तपासत, खोडत, पुन्हा लिहायला लावत. निघताना हार्टविग न चुकता म्हणे, "सरकार, तुमच्या कवितांवरच मी जगतो." त्यावर कवी खिडकीबाहेर बघत.

अखेर हार्टविगची स्वतःच्या कवितांची वही पुरी झाली. बुधवारच्या टपालगाडीनं ती शहरातल्या प्रकाशकाकडे जायची होती. सोबत त्याला कवींचं शिफारसपत्र हवं होतं, तेही लाखेवर घराण्याची मुद्रा उठवलेलं. दोन करकोच्यांची ती मुद्रा साऱ्या मुलखात प्रसिद्ध होती. तिच्याशिवाय एका शाळामास्तराची वही कोण उघडणार? आयुष्यभर पोरांना बाराखडी घोकवत म्हातारं व्हायचं नसेल, तर हाच एक मार्ग होता.

"देतो," कवी म्हणाले. "पण उद्या मी नातेवाइकांचा निरोप घ्यायला निघालोय. पुन्हा काही माझ्यानं प्रवास व्हायचा नाही. तू चल सोबत."

पहिल्या घरी मोठं स्वागत झालं. यजमान काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "काका, तुमचं पुस्तक म्हणजे आमच्या कुळाचा अभिमान!" कवींनी पुस्तक मागून घेतलं. जाड पुठ्ठ्यावर सोन्याचे दोन करकोचे चमकत होते. आत मात्र पानं जोडलेलीच होती. त्या काळी मोठा कागद घड्या घालून शिवलेला असे. वाचणाऱ्यानं सुरीनं कडा कापत पुढं जायचं. कवींनी खिशातून हाडाची सुरी काढली आणि कॉफी निवेपर्यंत एकेक पान कापलं. मग पुस्तक जागेवर ठेवून ते उठले. यजमानांना कुठं बघावं ते कळेना.

दुसऱ्या घरी तेच झालं. तिसऱ्या घरी तर यजमानीणबाईंनी आधी डोळ्याला रुमाल लावून कवितांचं कौतुक केलं आणि मगच ते मिटलेलं पुस्तक आणून दिलं. हार्टविगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना गाडीत त्याला राहवेना.

"सरकार, आपल्याच माणसांना असं लाजवायचं कशाला?"

"लाजवायला नाही रे गेलो," कवी डोळे मिटूनच म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वी पुठ्ठ्यावर सोन्याची मुद्रा हवीच, हा हट्ट माझाच होता. प्रकाशकानं मुद्रा बघितली आणि न वाचता छापलं. नातेवाइकांनी मुद्रा बघितली आणि न वाचता कपाटात ठेवलं. कुणी नावं ठेवली असती तरी चाललं असतं. नावं ठेवायला निदान वाचावं लागतं. आता दमलोय मी; कुणावर रागवायचंही त्राण नाही. पण उद्या त्या घरातली एखादी नात कंटाळून कपाट उघडेल. तिच्या हाती मिटलेलं पान लागू नये, एवढंच."

"मग माझं पत्र?" हार्टविगनं विचारलं. एवढं ऐकूनही त्याला तेच सुचलं. आपल्यालाही तेच सुचलं असतं.

कवींनी कोटातून पत्र काढलं. लाखेवर दोन्ही करकोचे स्वच्छ उमटले होते. "हे घे. तुझी वही प्रकाशक न वाचता छापेल. पुढं तुझी मर्जी."

हार्टविगनं पत्र जपून खिशात ठेवलं. घरी आल्यावर ते सुरक्षित राहावं म्हणून त्यानं फळीवरचं पुस्तक काढलं. पहिल्या भेटीत कवींनी सही करून दिलेलं, तेच करकोच्यांचं पुस्तक. मध्ये पत्र सरकवायला गेला, तर पान उघडेना. पहिली सोळा पानं कापलेली होती. पुढची सगळी मिटलेली.

मग त्याला आठवलं. गेल्या हिवाळ्यात तो तापानं पडला असताना कवी इथं येऊन गेले होते. त्यांनी हेच पुस्तक हातात घेतलं होतं, क्षणभर चाळलं होतं आणि परत फळीवर ठेवलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीसारखं शिकवलं होतं. खिशात ती सुरी तेव्हाही असणार. नातेवाइकांची पुस्तकं त्यांनी स्वतः कापली. शिष्याचं मात्र तसंच ठेवलं.

हार्टविगनं पाव कापायची सुरी आणली आणि सतराव्या पानापासून वाचायला बसला. कडा वेड्यावाकड्या फाटत होत्या. बुधवारी टपालगाडी आली तेव्हा त्यानं वही दिली, नुसतीच. पत्र पुस्तकात राहिलं, तो वाचत पोहोचला होता त्या पानाशी.

आताशा पुस्तकांची पानं कापूनच येतात. आपलं बरं आहे. कुणाला कळत नाही.