वाऱ्याचा सदरा

खिंडीतून अजून गाडीवाटही गेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पिंपळदऱ्यात गेनबा नावाचा पानमळेवाला राहत होता. नागवेलीची पानं खुडून घरी आला की तो सुईदोरा घेऊन ओट्यावर बसे. घरात कपड्यांना काही तोटा नव्हता. तरी तो शिवत राही, आणि शिवताना त्याचा चेहरा पोटभर जेवलेल्या माणसासारखा दिसे, असं म्हणतात.

त्याची बायको सारजा म्हणे, "अहो, सदऱ्यांनी खुंटी वाकली. आता काय बैलांना घालता?"

"अगं, घालायला नकोच आहेत मला. शिवायला हवेत."

शिवलेलं तो वाटून टाकी. मग गावच्या केरोबा शिंप्याकडे कुणी फिरकेना. त्यानं पंचांपुढे गाऱ्हाणं मांडलं. पंच म्हणाले, "गेनबा, याच्या पोटावर पाय देऊ नकोस. यापुढे माणसाचं माप घेतलंस, तर सुई चावडीत जमा."

गेनबाचे हात रिकामे झाले. त्याला घास गोड लागेना.

त्याच पौषात खिंडीतून असा बोचरा वारा सुटला, की नागवेली काळ्या पडू लागल्या. मळे गेले तर गाव उठणार. गेनबा ओट्यावरून वाऱ्याकडे बघत राहिला. मग एकदम उठला, दोरा घेऊन खिंडीत गेला आणि ओरडला, "उघडाच फिरतोस होय रे? म्हणून असा पिसाळलास! ये, माप घेऊ दे."

वाऱ्याचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं. तो हात पसरून गुपचूप उभा राहिला, असं म्हणतात. हे खरंच घडलं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तेवढा वेळ गावातलं एक पान हललं नाही, असं सांगणारे पुष्कळ होते.

गेनबानं आपले जादा सदरे उसवले आणि जोडले. छाती झाली, पाठ झाली. बाह्यांना कापड उरलं नाही. एवढ्यात केरोबा चिंध्यांचं गाठोडं घेऊन आला. लोकांना वाटलं, आता भांडण.

"सरक," केरोबा म्हणाला. "शिवण आहे की बैलाची वाकडी वाट? बाह्या मी लावतो. जन्मभर पोटासाठी शिवलं. एकदा उगाच शिवू दे की मलाही."

दोघांनी तो सदरा खिंडीच्या दोन कड्यांमध्ये टांगला. वारा आत शिरला. छाती फुगली, बाह्या भरल्या, आणि सगळा हिवाळा तो स्वतःलाच न्याहाळत तिथे थांबला, असं म्हणतात. वेली पुन्हा हिरव्या झाल्या. पंचांनी गेनबाला वाजतगाजत चावडीवर आणलं आणि त्याच्या पागोट्यात स्वतःच्या हातानं सुई खोचली.

आजही पौषात घरोघरचा एकेक चांगला कपडा खिंडीत जातो. फाटका चालत नाही. सगळा गाव मिळून सदरा शिवतो. बाह्या मात्र केरोबाच्या घरचेच लावतात. पहिला टाका पडला की गावातलं सर्वांत म्हातारं माणूस दटावून विचारतं, "कपडे थोडे आहेत का? कशाला शिवताय?"

आणि लहानथोर सगळे एका आवाजात ओरडतात, "हौस आहे म्हणून!"