काटणाऱ्याचा हात

त्या खोऱ्यात कुणाचीही जागा कायमची नव्हती. बीळ असो, ढोली असो की दगडाची कपार, तिच्यावर कुणीही दावा सांगावा, दोघांनी पत्ते खेळावेत आणि जिंकेल त्याने तिथे राहावं, असा तिथला कायदा होता. फार पूर्वी हे वाद दातांनी मिटत. मग कुणीतरी पत्ते आणले, आणि रक्त सांडायचं थांबलं. खोऱ्याला या सुधारणेचा मोठा अभिमान होता. आपण आता रानटी राहिलो नाही, असं ससेसुद्धा म्हणत. आणि हरल्यावर मुकाट्याने आपली पोरं घेऊन खाली लव्हाळ्यात राहायला जात.

लव्हाळ्यात तरस फिरे.

पत्ते पिसण्याचा मान उदमांजरांच्या घराण्याकडे होता. सध्या पाटावर कस्तुरशेठ बसत. अंगाने गुबगुबीत, बोलायला मधाळ, आणि कुणाच्या घरी बारसं असलं की न बोलावता हजर. खेळ अगदी सोपा होता. शेठ गड्डी पिसत आणि ज्याची जागा पणाला लागली आहे त्याच्यापुढे ठेवत. त्याने ती काटायची, म्हणजे मनाला येईल तिथून उचलून वरची पानं खाली आणि खालची वर करायची. मग दोघांना तीन-तीन पानं; एक्का सगळ्यांत मोठा, आणि ज्याची जोडी मोठी त्याची जागा. पिसणारा कितीही मोठा असो, शेवटचा हात गरिबाचाच, असं शेठ नेहमी सांगत. आणि ते खरंच होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

तरीही टेकडीवरच्या कोरड्या जागा एकेक करून उदमांजरांच्या सोयऱ्याधायऱ्यांकडे चालल्या होत्या. खोरं म्हणे, नशीब! दुसरं काय म्हणणार?

एका सकाळी साळूच्या कपारीच्या तोंडाशी पळसाचं पान ठेवलेलं सापडलं. दाव्याची तीच खूण. दावा होता शेठच्या मेहुण्याचा, भुऱ्याचा. त्याने बदल्यात लव्हाळ्यातलं आपलं एक बीळ लावलं होतं. तिथे तो एक दिवसही राहिला नव्हता, पण जागेवर जागा लावली की कायद्याचं समाधान होई. साळू साळिंदराच्या जातीची, नवरा गेलेली, पदरात दोन पिल्लं. पिल्लांचे काटे अजून गवतासारखे मऊ होते. लव्हाळ्यात ती किती टिकतील, हे तिला कुणी सांगायला नको होतं. त्या दिवशी ती पिल्लांना पोटाशी घेऊन नुसती बसून राहिली. मग उठली आणि घोरपडमावशीकडे गेली.

मावशी एके काळी पाटावर शेठच्या वडिलांच्या शेजारी बसे. पुढे वाटणीवरून बिनसलं. तिच्या पुढच्या पायांची नखं उपटून तिला हाकलून दिलं, तेव्हापासून ती ओढ्याकाठच्या खडकात एकटीच राही.

"नशीब नाही ना गं हे?" साळूने विचारलं.

"नशीब?" मावशी खो खो हसली. "अगं वेडे, नशिबाला पाटावर बसायला वेळ कुठाय! बैस. आणि मी सांगते ते ध्यानात ठेव. त्यांच्यात प्रत्येक लबाडीला नाव आहे. नाव कळलं की ती दिसायला लागते."

मावशीने तिला नावं शिकवली. 'नखोरी' म्हणजे एक्क्याच्या कडेला नखाने पाडलेली बारीक खाच. 'थंडी गड्डी' म्हणजे घरून लावून आणलेली गड्डी, जी ऐनवेळी नवी म्हणून पुढे करतात. 'झोपलेली पिसणी' म्हणजे फडफड मोठी, पण पानं जिथल्या तिथे. आणि 'काकदृष्टी' म्हणजे तुझ्या मागच्या फांदीवर बसून तुझी पानं बघणारा आणि खोकून सांगणारा सोबती.

"शेठच्या तोंडाकडे बघू नकोस," मावशी म्हणाली. "तो गोड बोलायला लागला की समजायचं, हात कामाला लागलेत. हात बघ. फक्त हात."

"लबाड्या एवढ्याच?"

"माझ्या वेळी एवढ्याच होत्या."

खेळाच्या दिवशी भर दुपारी सगळं खोरं वडाखाली जमलं. साळूने पिल्लांना सोबत आणलं होतं, कारण ठेवायचं कुणाकडे? भुऱ्या समोर येऊन बसला आणि जांभई देऊ लागला. शेठनी गड्डी काढली.

"थांबा," साळू म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मला गड्डी बघायचीय."

खोऱ्यात असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. शेठनी हसून गड्डी पुढे केली. साळूने पानांच्या कडांवरून नाक फिरवलं, एक पान ओढून काढलं आणि उंच धरलं. इस्पिकचा एक्का. कडेला खाच.

"नखोरी," ती म्हणाली.

अशी कुजबुज उठली की वडावरचे पक्षी उडाले. शेठनी एक्का हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि त्यांचा चेहरा पडला. "अरेरे! आमच्या पाटावर? साळूताई, उपकार झाले तुमचे." त्यांनी ती गड्डी सर्वांदेखत फाडली आणि मागून एक कोरी गड्डी पुढे केली.

"ही नको," साळू म्हणाली. "ही थंडी असेल. तुमच्या पेटीतली मी उचलीन ती घ्या."

आता मात्र लोक उभे राहिले. पेटी आली. साळूने तळातली गड्डी उचलली. शेठ पिसू लागले, पानं फडफडली. साळूने पंजा आपटला. "झोपलेली आहे ही पिसणी! जमिनीवर पसरा. सगळी पानं पालथी घालून कालवा."

"वा!" मागून म्हातारा खवल्या ओरडला. हा खवलेमांजर सहसा तोंड उघडत नसे. "बरोबर बोलली पोर! पसरा!"

शेठनी पानं पसरली आणि दोन्ही हातांनी कालवली. खरोखर कालवली. साळूचं काळीज धडधडत होतं, पण पहिल्यांदाच त्या धडधडीत भीतीपेक्षा वेगळं काहीतरी होतं. आपण जिंकू शकतो! तेवढ्यात तिला मागे खोकल्याचा आवाज आला. तिने गर्रकन मान वळवली. बरोब्बर तिच्या डोक्यावरच्या फांदीवर कावळा बसला होता.

"तो बघा! काकदृष्टी! हाकला त्याला!"

सगळं खोरं कावळ्याकडे वळलं. कुणी दगड मारला, कुणी शिव्या दिल्या. माकडांनी फांदी गदागदा हलवली. कावळा ओरडत उडाला आणि जिकडेतिकडे टाळ्या झाल्या. साळूची पिल्लंसुद्धा नाचायला लागली.

तेवढ्या वेळात शेठ पानं गोळा करत होते. त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. चार-सहा पानं डोळ्यांखालून घालायला तेवढा वेळ त्यांना पुरला. हवी ती पानं हव्या त्या क्रमाने वर आली. मग त्यांनी गड्डी मधून तोडली, ती पानं सुखरूप आत दडवली, आणि दडवताना अंगठ्याने वरच्या भागाला किंचित बाक दिला. नवी चटई कडेला उचलते ना, तेवढाच. डोळ्यांना दिसू नये, पण उचलणाऱ्या बोटांना तिथेच वाट मिळावी, असा.

साळू परत वळली तेव्हा गड्डी चौरस करून तिच्यापुढे ठेवलेली होती.

"झालं समाधान?" शेठनी विचारलं. "आता काट, ताई. कुठूनही काट. आम्ही हात लावणार नाही."

आणि त्यांनी खरोखर दोन्ही हात पाठीमागे घेतले.

साळूने पंजा पुढे केला. वरून थोडीच पानं उचलावीत, की खालून? तिने शेठच्या हातांकडे बघितलं. ते पाठीमागे होते. भुऱ्याकडे बघितलं, तो कान खाजवत होता. फसवायला आता उरलंच कोण होतं? तिने डोळे मिटले, पिल्लांची नावं घेतली आणि गड्डीवर बोटं ठेवली. गड्डी अलगद उघडली. इतकी अलगद, की तिला वाटलं, आज आपल्या हाताला यश आहे.

पानं वाटली गेली. साळूने पहिलं पान उलटलं: बदामचा राजा. भुऱ्याचं निघालं चौकटची सत्ती. लोक एकमेकांचे खांदे दाबू लागले. साळूचं दुसरं, किलवरचा राजा! राजांची जोडी! खवल्याने तर उडीच मारली. भुऱ्याने दुसरं उलटलं, एक्का. साळूचं तिसरं पान दश्शी होतं. पण जोडी तर होतीच. आता सगळं भुऱ्याच्या एका पानावर आलं. थोरल्या पिल्लाने आईचा पाय घट्ट धरला.

भुऱ्याने सावकाश तिसरं पान उलटलं. तोही एक्का.

कुणी हसलं नाही, कुणी आरडाओरडा केला नाही. उलट लोक हळहळले, साळूपाशी आले, तिच्या पाठीवरून जपून हात फिरवू लागले. "वाईट वाटून घेऊ नकोस, बाई. पण खेळ कसा स्वच्छ झाला! तूच तर सगळं तपासलंस. काटलंसही तूच." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एक सुटका होती. इतक्या वर्षांचा संशय आज फिटला होता. जे आधी हरले होते, तेही आता आपापल्या नशिबाला मोकळ्या मनाने दोष देऊ लागले.

साळू पिल्लांना घेऊन ओढ्यावर गेली. "मावशी, माझं काय चुकलं?"

मावशीने सगळा खेळ पुन्हा पुन्हा विचारला. पान अन् पान विचारलं. शेवटी तिने मान खाली घातली. "काही चुकलं नाही गं," ती म्हणाली. "मला तरी कुठे चूक दिसत नाही." म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून साळूला स्वतःचीच जास्त कीव आली.

ती पिल्लांना पाठीशी घेऊन लव्हाळ्याच्या वाटेला लागली, तोच शेठ स्वतः धापा टाकत मागून आले. एवढ्या वजनाचा जीव, पण धावत आले.

"कुठे निघालीस, ताई? लेकरं आहेत बरोबर! हे बघ, खोऱ्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास नाही, मला ठाऊक आहे. पण तुझ्यावर आहे. आजपासून पाटाशेजारी तू बैस. प्रत्येक गड्डी तू तपासायची. तू म्हणशील स्वच्छ, तरच खेळ. पाटामागे कोरडी गुहा रिकामीच आहे."

"आणि पोरं?"

"पोरं गुहेतच. आणखी कुठे?"

लव्हाळ्यातून तरसाचं हसणं ऐकू आलं. धाकटं पिल्लू आईच्या पोटाखाली शिरलं. आता कुठली आई नाही म्हणेल, सांगा बरं!

साळूने काम मनापासून केलं. तिने नखोऱ्या पकडल्या, थंड्या गड्ड्या परत पाठवल्या. शेठच्या एका पुतण्याला झोपलेल्या पिसणीबद्दल सगळ्यांसमोर कान धरायला लावले, आणि शेठनी त्याला दोन तडाखे ठेवून दिले. तिचं नाव खोऱ्याच्या पार पलीकडे गेलं. पूर्वी दावा आला की लोक कटकट करत, आजारपणाचं सोंग आणत. आता साळू बसलीय म्हटल्यावर बिनधास्त खेळायला येत. पिल्लांच्या अंगावर काटे भरू लागले. टेकडीवरच्या जागा मात्र जात राहिल्या. साळूने त्याचा विचार करायचं टाळलं, असं नाही; तिला फक्त कारण सापडत नव्हतं.

मग खवल्याच्या बिळाशी पळसाचं पान पडलं. म्हातारा सगळं कुटुंब घेऊन आला. सून होती, सुनेच्या शेपटीवर बसलेलं तान्हं होतं. साळूने गड्डी एकेक पान करून तपासली आणि शेठकडे दिली. शेठनी ती जमिनीवर कालवली, गोळा केली, आणि आज त्यांचा गुडघा धरला होता म्हणून, खेळणाऱ्यापुढे ठेवायला तिच्याच हातात परत दिली.

गड्डी हातात आली आणि साळूची बोटं थांबली.

मधोमध काहीतरी उचललेलं होतं. एवढंसं. बोटांना तिथेच जावंसं वाटावं, इतकंच. त्या बोटांनी ते लगेच ओळखलं. वडाखालची ती दुपार, मिटलेले डोळे, हातात अलगद आलेली गड्डी. तिच्या अंगावरचे सगळे काटे एकदम उभे राहिले.

याला मावशीने नाव दिलेलं नव्हतं.

तिने शेठकडे बघितलं. शेठ तिच्याकडे बघतच नव्हते. ते गुहेच्या तोंडाशी खेळणाऱ्या तिच्या धाकट्याला चुचकारून जवळ बोलावत होते. ते पोटभर जेवलेलं पोर उड्या मारत आलं आणि शेठच्या मांडीवर चढून बसलं. शेठ त्याचे अजून कोवळे असलेले काटे एकेक करून कुरवाळू लागले.

"बघितलंस ना गं नीट?" खवल्याने विचारलं.

साळूने धाकट्याकडे एकदा बघितलं. मागे सगळं खोरं उभं होतं. कुणाला कसली घाई नव्हती.

"बघितलं, बाबा," ती म्हणाली, आणि गड्डी त्याच्यापुढे ठेवली.

खवल्याने गड्डीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो साळूकडे बघून समाधानाने हसला, आणि तसाच तिच्याकडे बघत त्याने काटायला हात पुढे केला.