परत न आलेलं परमिट

“...आणि परमिट घेऊन गेलेला लाइनमन परत आलाच नाही, तर?” चंद्रामायनं विचारलं.

“तर लाइन बंद राहते, माय. नियम म्हणजे नियम.”

दिगंबर खरबडे गावाबाहेरच्या विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होता. चंद्रामाय टेकडीवरच्या मठात एकटी राहायची. ती कुणाला उपदेश करत नसे, म्हणूनच लोक तिच्याकडं जात. दिगंबरलाही उपदेश नको होता. मायनं आपल्याला बरोबर म्हणावं, एवढ्यासाठी तो टेकडी चढून आला होता.

नियम साधा होता. खांबावर चढण्याआधी लाइनमननं सबस्टेशनवर येऊन परमिट घ्यायचं. मग ऑपरेटर लाइन बंद करणार. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच परत यायचं आणि समोर उभं राहून सांगायचं, माणसं खाली उतरली. दुसऱ्या कुणाचा निरोप चालत नाही.

“लग्नघरं अंधारात राहिली, माय. साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. पण मी खटक्याला हात लावला नाही. माझ्या पाळीत कधी माणूस भाजला नाही.”

“चांगलं केलंस.”

“मग घरात तोच नियम लावला, तर काय चुकलं?”

माय सुपात ज्वारी निवडत होती.

घरातली गोष्ट गावाला ठाऊक होती. दिगंबरनंच पोराला, प्रल्हादला, लाइनवर शिकाऊ म्हणून लावलं होतं. पहिल्याच खांबावर पोरगं अर्ध्यात थांबलं. पाय लटपटायला लागले, खाली उतरलं. सगळ्या स्टाफसमोर बाप म्हणाला, “भेकडाला माझ्या घरात जागा नाही.” पोरगं गेलं ते गेलंच. आता ते मंठ्याला रोपं विकत होतं.

“घर सोडलं त्यानं. मग यायचंही त्यानं. मी वाट बघितली.”

“आणि गिरिजा?”

दिगंबरची मान खाली गेली.

गिरिजा त्याची बायको. आजारपणात तिनं आपलं अंथरूण दारासमोर हलवायला लावलं होतं. “तुम्ही जाऊन आणा हो त्याला,” एवढंच म्हणायची. चैत्रात ती गेली. प्रल्हाद आला तो थेट स्मशानात. कडुलिंबाखाली उभा राहिला. बापाला वाटत होतं, आता जवळ येईल, आता येईल...

पोरगं तसंच मागं फिरलं.

“हाकेच्या अंतरावर होता, माय. माझी जीभ उचलली नाही. रोज तेच डोळ्यांपुढं येतं.”

मायनं सूप एकदा पाखडलं.

“दिगंबर, लाइन बंद कोण करतं? परमिट घेणारा?”

“नाही. मी. खटका माझ्याच हातात असतो.”

“असं होय.”

दिगंबरनं मान वर केली.

“आणि परमिट घेणारा परतला नाही, दिवस मावळत आला,” माय म्हणाली, “तेव्हा तू खुर्चीत बसून राहतोस?”

हे मात्र दिगंबरला लागलं.

“बसवतं का, माय? गेल्या साली कदम लाइनमन परमिट घेऊन गेला, तो परत आला नव्हता. सोबतीच्या माणसाला खुर्चीत बसवलं आणि खांब न खांब बघत निघालो. ओढ्यातनं, काट्याकुट्यातनं. नावानं हाका मारत. माणूस वर अडकलाय का खाली पडलाय, कुणाला ठाऊक? अशा वेळी नियम धरून कोण बसंल...”

बोलता बोलता तो थांबला.

वाऱ्यानं ज्वारीचा कोंडा अंगणात उडत होता.

“गिरिजा होती तेव्हाच जायला हवं होतं,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

तिनं त्याचं सांत्वन केलं नाही. सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात रेटून उठली. पायरीखाली त्याच्या चपला होत्या. त्या तिनं दोन्ही हातांनी उचलल्या आणि त्याच्यापुढं आणून ठेवल्या. चपलांची तोंडं मंठ्याच्या रस्त्याकडं होती.

दिगंबर ओशाळून उभा राहिला. “माय, तुम्ही कशाला हात लावता...”

“घाल,” चंद्रामाय म्हणाली. “काट्याकुट्यातनं जायचंय तुला.”