तटातलं भोक

तटातलं हे भोक तोफगोळ्याचं नव्हे. ते आतून फोडलेलं आहे, शके सोळाशे सत्तावन्नच्या फाल्गुनात.

त्या वेळी खारकोट गडाच्या दारूखान्यावर, म्हणजे तोफांच्या दारूच्या कोठारावर, लखमोजी राणे राखणदार होता. ठिणगीच्या धास्तीनं त्याला झोप लागत नसे, असं सांगतात. आत शिरताना कमरेचा चाकूसुद्धा तो बाहेर ठेवी. त्या साली खालच्या कोळीवाड्यातली विहीर खारी झाली. हिरूबाय कोळीण बायांना घेऊन गडाच्या टाक्यावर पाणी मागायला आली. टाक्याची किल्लीही लखमोजीकडंच होती. त्यानं दार उघडलं नाही.

"टाक्यातलं पाणी आगीसाठी आहे."

"आग कुठं हाय, नाईक? तहान हितं उभी हाय."

"लागली तर?"

"बरं. मग ती लागेस्तवर आम्ही पोरांना कोरडीच ठेवतो." रिकाम्या घागरी घेऊन बाया उतरल्या.

होळी तोंडावर आली होती. लोहाराच्या भट्टीतली ठिणगी वाळल्या गवतात पडली. वारा नेमका दारूखान्याकडं. गडाची माणसं गलबतांवर गेलेली, उरलेली मोजकी. टाक्यातून एक घागर वर येईतो आग कितीतरी पुढं सरके. दारूखान्याचं छप्पर लाकडी. ते पेटलं असतं तर गड उडाला असता आणि खालचा कोळीवाडाही.

लखमोजी छपरावर चढून उघड्या हातांनी ठिणग्या चोळत होता म्हणे. त्यानं खाली पाहिलं. भरती होती, होड्या तरंगत होत्या. पोरंबाळं घालून शिडं उभारली की कोळी सुटले असते. त्यांना थांबवायला त्याला तोंड नव्हतं.

पण कोळ्यांनी शिडं डोलकाठ्यांवरून उतरवली, समुद्रात बुचकळली आणि खांद्यांवर घेऊन गड चढले. ओली शिडं छपरावर अंथरली. आग आली. शिडं करपली, छप्पर वाचलं.

"आता मासळीला कशानं जाल?" लखमोजीनं विचारलं.

"वल्ह्यानं," हिरूबाय म्हणाली. "आधी पाणी पाज."

त्यानं टाक्याचं दार सताड उघडलं. बाया पाणी पिऊन उतरल्या, तशी त्यानं पहार उचलली आणि टाक्यालगतचा तट फोडायला घेतला.

"अरे, गडाला भोक पाडतोस?" गडाचा हवालदार ओरडला.

लखमोजी थांबला नाही. टाक्याचं पाणी तटाबाहेर आलं, तेव्हा भोकाला त्यानं लाकडी खुंटी बसवली, तीही बाहेरून.

आजही ती खुंटी कोळीवाड्याच्या हातात आहे. पाणी लागलं की कोळी ती काढतात. वर कुणाला विचारत नाहीत.